एकच वाटण, दोन टोप: मटण-मासळीच्या घरात शाकाहारी झालेल्या मुलाचं ताट

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने मटण-मासे सोडले की बहुतेक घरांत पहिल्या रविवारी हमखास एक गोष्ट होते. रस्सा तोच, फक्त फोडी बाजूला काढलेल्या, सोबत बटाट्याची सुकी भाजी आणि "आजच्या दिवस एवढं खा". इथे दोन चुका होतात. फोडी काढल्या तरी त्या रस्स्यात मटणाचं पाणी आणि चरबी उतरलेली असते. पोराला ते कळतं आणि मग घरातल्या कुठल्याच टोपावर त्याचा विश्वास राहत नाही. दुसरी चूक जास्त महागात पडते. ताटातून मटण गेलं म्हणजे प्रथिनं, लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व एकदम गेलं, आणि त्या जागी बटाटा आला. पोट भरलं, पण जे गेलं त्यातलं काहीच परत आलं नाही.

म्हणून पहिला नियम असा, की मटणाची जागा भाजीने भरायची नाही, कडधान्याने भरायची. आणि तेही वेगळं, मिळमिळीत, "त्याच्यापुरतं" केलेलं नको. घरचाच मसाला, घरचंच वाटण, तितकंच तिखट.

ही कला आपल्या घरांना नवीन नाही. अनेक घरांत आजोबा किंवा आजी माळकरी असतात आणि वर्षानुवर्षं त्यांचं ताट त्याच चुलीवर वेगळं होत आलेलं असतं. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं आठवड्यातले तीन दिवस आणि श्रावणात अख्खा महिना बिनमटणाचं जेवतातच. फरक इतकाच, की पासष्टीच्या आजीला लागतं त्याहून वाढीच्या वयातल्या पोराला बरंच जास्त लागतं. आजीचं ताट जसंच्या तसं नातवाला वाढलं तर ते कमी पडतं.

आधी नीट विचारून घ्या

"शाकाहारी" या शब्दाचा अर्थ प्रत्येक मुलाचा वेगळा असतो. जेवणाच्या वेळी नव्हे, एरवी निवांत बसून पाच गोष्टी विचारा: अंडं चालेल का? दूध, दही, तूप चालेल का? मासे तळलेल्या तेलात तळलेलं चालेल का? त्याच तव्यावर भाजलेली भाकरी चालेल का? केकमधलं अंडं चालेल का? उत्तरं कागदावर लिहून फ्रिजवर लावा, कारण स्वयंपाक रोज एकच माणूस करत नाही. आत्या किंवा मावशी चार दिवस राहायला आली तर तिला हा कागद वाचता आला पाहिजे.

का सोडलं हेही समजून घ्या, पण उलटतपासणी नको. माळ घातली असेल तर अंडंही गेलं, आणि एकादशीला कांदा-लसूणही बहुधा नसेल. प्राण्यांसाठी सोडलं असेल तर काही मुलं पुढे दूधही सोडतात. तसं झालं तर सगळा हिशेबच बदलतो, कारण आपल्या शाकाहाराचा बी-१२ आणि कॅल्शियमचा मोठा आधार दूधच असतो. अशा मुलाला बी-१२ची गोळी डॉक्टरांना विचारून पहिल्या महिन्यातच सुरू करावी, थकवा दिसायची वाट बघू नये. अंडं चालत असेल तर काम बरंच सोपं होतं. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय थोडं बी-१२ मिळतं.

हे एकदाच विचारून भागत नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. या वयात मतं पक्की होतात तशी बदलतातही, आणि "मग आता का खातोस?" असं टोचून कुणी बोलणार नाही याची खात्री मुलाला हवी.

ताटाचा हिशेब

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वयाच्या मुलाला दिवसाला ४५ ग्रॅम आणि मुलीला ४३ ग्रॅम प्रथिनं लागतात. १६ ते १८ वयाला मुलाला ५५, मुलीला ४६. आकडा मोठा वाटतो, पण गाठायला अवघड नाही. फक्त अंदाजावर सोडलं तर चुकतो.

सगळ्यात मोठी फसवणूक पातळ आमटीची. घरच्या पातळ वरणाच्या एका वाटीत डाळ जेमतेम १५ ग्रॅम असते, म्हणजे प्रथिनं ३ ते ४ ग्रॅम. मटणाच्या चार-पाच फोडींत, म्हणजे साधारण १०० ग्रॅम कच्च्या मटणात, ती २०च्या आसपास असतात. "वरण-भात रोज खातो की" म्हणून निश्चिंत राहणाऱ्या घरांत कमी पडतं ते इथे. एकदा तरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर डाळ तोलून बघा. ४० ग्रॅम कोरडी मटकी म्हणजे किती हे डोळ्यांना एकदा कळलं की पुन्हा काटा लागत नाही.

तूर, मूग, मसूर, मटकी, चवळी, कुळीथ या सगळ्यांत १०० ग्रॅम कोरड्या मालात २२ ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात. हरभऱ्यात थोडी कमी. शेंगदाण्यात २४-२५, पनीरमध्ये १८-१९. दुधात १०० मिलिलीटरला साडेतीन, दह्यातही जवळपास तेवढीच. ज्वारी-बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात १० ते ११.

आता सोळा वर्षांच्या मुलाचा एक साधा दिवस मांडू. सकाळी मोठा पेला दूध आणि ५० ग्रॅम मूगडाळीची दोन-तीन धिरडी: १९ ग्रॅम. डब्यात तीन पोळ्या आणि ४० ग्रॅम मटकीची सुकी उसळ: आणखी १९. संध्याकाळी क्लासला जाताना ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे गुळासोबत: ७. रात्री दीड भाकरी, ३० ग्रॅम मसुराची दाट आमटी, वाटीभर दही: २२. एकूण ६७. शिफारशीपेक्षा जास्त झालं, आणि ते बरंच आहे, कारण कडधान्यातली प्रथिनं मटणाइतकी पूर्ण पचत नाहीत. धान्यात जे अमायनो आम्ल (प्रथिनाचा घटक) कमी असतं ते डाळीत भरपूर असतं, आणि डाळीत कमी असलेलं धान्यातून मिळतं. भाकरी-उसळ, खिचडी, इडली या जोड्या म्हणूनच टिकल्या. प्रत्येक घासात जोडी साधायची गरज नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं.

मुलगा कबड्डी खेळत असेल, तालमीत जात असेल, तर आधी एकूण जेवण वाढवा: एक भाकरी, एक केळं, मूठभर दाणे. प्रथिनांच्या पावडरीचे डबे आणायची घाई करू नका. पोरं वाळतात ती बहुधा एकूण जेवण कमी पडल्यामुळे.

वाटण आधी, मटण नंतर

रविवारचा स्वयंपाक दुप्पट होत नाही, जर टोप योग्य वेळी वेगळे झाले तर. ती वेळ म्हणजे वाटण मिक्सरमधून निघाल्यावर लगेच, मटणाला हात लागायच्या आधी. मटणाच्या हाताने वाटण काढलं, किंवा मटण ढवळलेली पळी दुसऱ्या टोपात बुडवली, की सगळ्या मेहनतीवर पाणी.

घाटावरच्या पद्धतीचं प्रमाण देतो. अर्धा किलो मटण चार जणांना आणि १०० ग्रॅम अख्खा मसूर मुलाला, दुपार आणि रात्र मिळून. मसूर सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्यात भिजत घाला, दोन-अडीच तास पुरतात. वाटणासाठी तीन मध्यम कांदे उभे चिरून, ६० ग्रॅम सुकं खोबरं किसून, १०-१२ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, चमचाभर तीळ, अर्धा चमचा खसखस, मूठभर कोथिंबीर. कांदा तेलावर पार तांबूस होईपर्यंत परता, कडा काळपट दिसल्या तरी हरकत नाही. खोबरं मात्र बदामी रंगावर थांबवा. करपलं की रस्सा कडू होतो आणि तो कडूपणा मागाहून कशानेच जात नाही. तीळ-खसखस शेवटी, गॅस बंद करून त्या गरम कढईतच. गार झाल्यावर गंधासारखं वाटा. या वाटणाचा तिसरा हिस्सा वाटीत काढून झाकून ठेवा. हा मुलाचा.

आता खरी मेख. मटणाच्या रस्स्याला चव येते ती तीन गोष्टींनी: वाटण, अळणी पाणी (मटण शिजवलेलं पाणी) आणि चरबीचा तवंग. वाटण तर आहेच. अळणी पाण्याच्या जागी मसूर शिजलेलं पाणी वापरायचं. मसूर अडीच वाट्या पाणी, हळद, ठेचलेला लसूण आणि एक तमालपत्र घालून मध्यम आचेवर दोन शिट्ट्या करा. दाणा अख्खा राहिला पाहिजे, पण बोटाने दाबला की सहज चेपला पाहिजे. हे पाणी फेकू नका. कुळीथ असेल तर त्याचं कढण याहून सरस: खमंग, दाट आणि रंगानेही जवळ जाणारं. कुळथाला मात्र रात्रभर भिजवणं आणि सहा-सात शिट्ट्या लागतात.

राहिला तवंग. इथे तेलाची कंजुषी केली की रस्सा फिका लागतो आणि मुलगा म्हणतो, "तुमचा रस्सा वेगळा लागतो." छोट्या कढईत दोन मोठे चमचे तेल तापवा, जिरं, हिंग घाला. गॅस बारीक करून दीड-दोन चमचे कांदा-लसूण मसाला घाला आणि पाच-सात सेकंदांत लगेच वाटण टाका, नाहीतर मसाला जळून ठसका उठतो. वाटण सहा-सात मिनिटं परता. आधी ते कढईला चिकटतं, मग गोळा होतं, आणि कडेने तेल सुटू लागलं की झालं. तेल सुटायच्या आधी पाणी घातलं तर तवंग कधीच येत नाही. मसूर पाण्यासकट गरमच ओता, मीठ घाला, झाकण तिरकं ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं उकळू द्या. अंगाला दाटपणा हवा असेल तर पळीभर मसूर कढईच्या कडेला घोटा.

मटण शिजायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात दुसऱ्या शेगडीवर हे सगळं होऊन जातं. इस्लामपूर-कोल्हापूरकडच्या ढाब्यांवर अख्खा मसूर मटणाच्या पंगतीला मानाने बसतो तो याच मसाल्याच्या जोरावर. बहुतेक घरांत असं होतं, की दुसऱ्या रविवारपासून मटण खाणारेही वाटीभर मसूर मागतात. तेव्हा १०० ग्रॅमचा १५० करा, नाहीतर ज्याच्यासाठी केलं त्यालाच रात्री उरत नाही.

पांढऱ्या रस्स्याचंही हेच. फ्लॉवरचे दांडे, गाजर, कांदा, मिरी, वेलदोडा, दालचिनी वीस मिनिटं उकळून गाळलेलं पाणी घ्या. त्यात काजू, खसखस, तिळाची पेस्ट आणि शेवटी नारळाचं दूध. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळू दिलं तर ते फुटतं. मात्र या वाटीत प्रथिनं फारशी नसतात, ती मसुराच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

कडधान्य शिजताना बिघडतं ते बहुधा आंबटामुळे. टोमॅटो, चिंच, कोकम आधी पडलं तर दाणा कितीही शिट्ट्या दिल्या तरी टणक राहतो. आंबट नेहमी शिजल्यावर घाला. लवकर शिजावं म्हणून खाण्याचा सोडा घालायची सवय असेल तर सोडा, त्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. राजमा कच्चट ठेवू नका आणि मोड आणून कच्चा तर अजिबात देऊ नका. नीट न उकळलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. आणि ज्या पोराला कडधान्यांची सवय नाही त्याला पहिल्याच आठवड्यात काळे वाटाणे आणि छोले दिलेत तर पोट फुगून तो हैराण होईल. मूग, मसूर, मोडाची मटकी यांनी सुरुवात करा, भिजवलेलं पाणी ओतून द्या, दोन-तीन आठवड्यांत पोट सरावतं.

मासळीचा दिवस

कोकणातल्या घरांत हा दिवस मटणाच्या दिवसापेक्षा अवघड, कारण मासळी आठवड्यातून चार वेळा असते आणि वास सगळीकडे पोचतो. नेहमीचा उपाय म्हणजे सुरणाचे, वांग्याचे, कच्च्या केळ्याचे किंवा निरफणसाचे काप. तेच तिखट-मीठ, तेच आगळ (कोकमाचा घट्ट रस), रवा लावून तव्यावर कुरकुरीत. चव झकास, दिसायलाही तुकडीसारखे. पण कापांत प्रथिनं नावालाच असतात. काप आणि भात एवढ्यावर ताट संपलं तर मुलगा तासाभरात पुन्हा भुकेला. काप असतील त्या दिवशी सोबत काळ्या वाटाण्याचं सांबार, चवळीची उसळ किंवा ओल्या काजूंच्या दिवसांत काजूगराची उसळ हवीच.

तव्यावरचीच तुकडी हवी असेल तर पनीर घ्या. बोटाच्या पेराइतक्या जाड वड्या, १०० ग्रॅम. आगळ, हळद, मालवणी मसाला, आलं-लसूण लावून पंधरा मिनिटं ठेवा. तांदळाचं पीठ आणि रवा निम्मा-निम्मा, दाबून लावा. तवा चांगला तापलेला हवा, प्रत्येक बाजू दोन मिनिटं, बस. मंद आचेवर ठेवलं की पनीर पाणी सोडतं, रवा गळून पडतो आणि आत रबर होतं. सुरणाला घशात खाज असते म्हणून काप आधी चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळून घ्यावेत.

कालवणाचं वाटणही तसंच आधी काढून ठेवायचं. ओलं खोबरं, धणे, बेडगी मिरची, हळद यांच्या वाटणात मोड आलेले मूग शिजवले, वरून चार ठेचलेली तिरफळं आणि दोन कोकमं घातली की बांगड्याच्या कालवणाचा वास येतो, बांगडा न घालता. गोव्यात मोडाच्या मुगाची मुगागाठी असतेच; पावसाळ्यात अळंबी मिळाली तर त्याच वाटणात तीही सुरेख लागते.

तवा आणि तेलाचा क्रम सांभाळा: आधी मुलाचे काप किंवा पनीर, मग मासे. उलट केलं तर तेल वाया आणि मूलही उपाशी. भाकरीसाठी एक छोटा लोखंडी तवा वेगळा ठेवता आला तर फारच उत्तम, दोन-तीनशे रुपयांत रोजची कटकट मिटते.

सोयाबीनच्या वड्या

यांत १०० ग्रॅमला ५०च्या वर प्रथिनं असतात, म्हणून ३० ग्रॅम वड्या एका माणसाला पुरतात. पण बहुतेक घरांत एकदा करून सोडून देतात, कारण वास येतो. वास जातो तो पिळण्याने. मिठाच्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, मग गार पाण्यात धुऊन तळहातांत दाबून पिळायचं, पुन्हा धुवायचं, पुन्हा पिळायचं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग मटणासारखंच दही, हळद, आलं-लसूण लावून वीस मिनिटं मुरू द्या आणि थोड्या तेलावर कडा तांबूस करून मगच रस्स्यात सोडा. आठवड्यातून दोनदा पुरे. काही मुलांना या वड्यांचा मटणासारखा चावाच नको असतो. त्यांना जबरदस्ती करू नका, मसूर आहे.

लोह, कॅल्शियम आणि बी-१२

लोहाचं प्रकरण मुलींच्या बाबतीत गंभीर आहे. १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं, १६ नंतर ३२. मुलांना अनुक्रमे २२ आणि २६. वरच्यासारखा दिवस, बाजरीची भाकरी आणि वाटीभर लाल माठ धरला तरी बेरीज २०-२२च्या आसपास थांबते. त्यातच मटणातलं लोह शरीर सहज घेतं आणि वनस्पतीतलं अडखळत. म्हणून ते किती शोषलं जातं यावर जास्त लक्ष द्यावं लागतं.

यात सर्वांत सोपी गोष्ट लिंबू. उसळीवर, वरणावर ताटात वाढल्यावर पिळायचं, कढईत नाही, कारण क जीवनसत्त्व उकळण्याने नष्ट होतं. पेरू, आवळा, कच्ची कोबीची किंवा टोमॅटोची कोशिंबीर हेही चालतं. आंबट म्हणजे क जीवनसत्त्व असं मात्र नाही. चिंचेत ते जवळपास नसतंच. दुसरी गोष्ट चहाची. जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा घेतला की लोहाचं शोषण बरंच घटतं, म्हणून तासाभराचं अंतर ठेवा. दूधही जेवणात नको, सकाळी किंवा झोपताना द्या. मोड आणणं, भिजवणं, आंबवणं यांनी लोह अडवून ठेवणारा घटक कमी होतो, म्हणून मटकी नुसती शिजवण्यापेक्षा मोडाची बरी. लोखंडी कढईत आंबट आमटी उकळली की थोडं लोह तिच्यातही उतरतं. झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते. हिवाळ्यात अळिवाचे लाडू करतातच, ते मुलीला रोज एक द्या.

इतकं करूनही मुलीचं हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासावं. १२च्या खाली गेलं तर ते अॅनिमियात मोडतं (पंधरा वर्षांवरच्या मुलांसाठी ही रेषा १३ची). शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी, म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक अॅसिड, अनेक मुली दप्तरात ठेवून विसरतात किंवा मळमळतं म्हणून टाकून देतात. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. शाकाहारी मुलीने ती चुकवू नये.

कॅल्शियम १३ ते १८ वयाला रोज १००० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. दोन पेले दूध, वाटीभर दही, एक नाचणीची भाकरी आणि दोन चमचे तिळाची चटणी एवढ्यात ते होतं. तीळ पॉलिश न केलेले घ्या.

बी-१२ कुठल्याही पालेभाजीत, डाळीत, मोडात नसतं. स्पिरुलिनात असतं म्हणून विकतात, पण त्यातला बहुतांश घटक शरीराला उपयोगी पडत नाही. दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम लागतं, आणि ते दोन पेले दूध आणि दही मिळून कसंबसं भरतं, दूध खरोखर रोज पोटात गेलं तर. यकृतात साठा असतो, त्यामुळे कमतरता लगेच दिसत नाही. वर्ष-दोन वर्षांनी थकवा, जीभ लाल गुळगुळीत होणं, तोंड येणं, हातापायांना मुंग्या, अभ्यासात लक्ष न लागणं अशी ती वर येते. पालेभाज्यांतलं फोलेट हे जीवनसत्त्व रक्तातली खूण, म्हणजे अॅनिमिया, झाकून ठेवतं, म्हणून हिमोग्लोबिन ठीक आहे एवढ्यावर थांबू नका. वर्षाने एकदा बी-१२ची तपासणी करून घ्या. २००च्या खाली असेल तर गोळी की इंजेक्शन हे डॉक्टर ठरवतील.

मासे सोडलेल्या मुलाला ओमेगा-३ साठी जवसाची चटणी: रोज एक-दोन चमचे, जवस भाजून कुटलेलं. अख्खं जवस न पचताच बाहेर पडतं. आणि मीठ आयोडीनयुक्तच वापरा.

न दिसणारी मासळी

टोपात मटण नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं नाही. वालाच्या भाजीत सोडे, वांग्यात सुकट, लसणीच्या चटणीत जवळा हे हाताच्या सवयीने पडतं. सुकट-जवळ्याचा डबा आणि त्याचा चमचा वेगळा ठेवा. मिक्सरच्या भांड्यात सुकटीची चटणी फिरवली असेल तर नुसतं खळखळून भागत नाही. रबराची चकती काढून धुवा, वास तिथेच राहतो.

पाकिटांवर हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका शाकाहारी आणि तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण मांसाहारी. जुन्या पाकिटांवर त्रिकोणाच्या जागी तपकिरी ठिपका असायचा. नुसतं अंडं असलेल्या पदार्थावरही तपकिरी खूणच असते. जेली आणि मार्शमेलोत बऱ्याचदा जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. औषधांच्या बहुतेक कॅप्सूलचं कवचही जिलेटिनचंच, म्हणून डॉक्टरांना आधी सांगितलं तर साधी गोळी लिहून मिळते.

जत्रा, पाहुणे आणि बोलणी

गावच्या जत्रेला बोकड पडतो आणि शाकाहारी मुलाच्या ताटात भात-लोणचं येतं. निघताना सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, फोडणी दिलेले चणे आणि चार लाडू घ्या. दशम्यांचं पीठ दुधात भिजवलेलं असलं की त्या दोन दिवस मऊ राहतात. ज्यांच्याकडे जेवायला जायचं त्यांना आदल्या दिवशी फोन करा आणि "काहीही चालेल" म्हणू नका. "एक वाटी उसळ आधी बाजूला काढून ठेवा" असं नेमकं सांगितलं की यजमानही सुटतात.

"एक फोड खाल्ल्याने काय होतं", "ताकद कुठून येणार" हे काका-मामा बोलतातच. तिथे मुलाच्या बाजूने आई-वडिलांनी उत्तर द्यायचं, मुलाला एकटं पाडायचं नाही. गुपचूप रस्सा वाढून "बघ, कळलं तरी का" असा विनोद तर कधीच करू नका. उलट बाजूनेही तसंच: मुलाने दुसऱ्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवा.

एका गोष्टीवर मात्र बारीक लक्ष असू द्या. मटण सोडलं, मग तेल सोडलं, मग रात्रीचं जेवण, वजन घटतंय, मुलीची पाळी लांबतेय किंवा थांबली आहे, असं दिसलं तर प्रश्न शाकाहाराचा उरलेला नाही. काही मुलं कमी खाणं लपवायला शाकाहाराचं नाव पुढे करतात. रागावू नका, वाटही बघत बसू नका, बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

रात्रीचं काम कुणाचं

ही सगळी व्यवस्था कोसळते ती बहुधा एका कारणाने: कडधान्य भिजत घालायचं राहिलं. सकाळी आठवतं, मग पुन्हा बटाटा. म्हणून हे काम मुलाचं किंवा मुलीचंच असू द्या. पंधरा वर्षांच्या पोराला एवढं जमतं, आणि आपलं ताट आपण उभं करतो आहोत याची जाणीवही राहते. रविवारी रात्री मटकी भिजवायची, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, मंगळवारच्या डब्याला मोड तयार. पावसाळ्यात मोड लवकर येतात, थंडीत फडकं बांधून डब्यात घालून ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवावं लागतं. मोडांना आंबूस वास आला तर पाणी नीट निथळलेलं नव्हतं. मंगळवारी रात्री चवळी, गुरुवारी रात्री काळे वाटाणे, त्यांना पूर्ण दहा-बारा तास हवेत. शनिवारी मूगडाळ धिरड्यांसाठी, आणि रविवारी सकाळी मटण आणायला कुणीतरी पिशवी घेऊन बाहेर पडलं की मसूर.